समाजशास्त्र घेऊन बी. ए. झाले, आता पुढे काय?

गेल्या जुलैमधली गोष्ट. चार दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, कुकर चढवला आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेले. आमच्या वणीत वाळलेले कपडे घडी घालण्याआधी दोनदा झटकावे लागतात. कोळशाच्या गाड्या दिवसरात्र धावतात आणि त्यांची काळी भुकटी नेमकी पांढऱ्या चादरीवर येऊन बसते. तेवढ्यात समोरच्या ताईंची मुलगी पेढ्यांचा डबा घेऊन जिना चढून आली.

"काकू, बी. ए. झाले. फर्स्ट क्लास मिळाला."

वाकून नमस्कार केला पोरीनं. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "छान झालं गं! विषय कोणता होता?"

"समाजशास्त्र."

सासूबाई बाजूलाच सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "त्याची नोकरी भेटते का व माय कुठं?"

सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मुलीचा चेहरा एकदम उतरला. पेढे वाटत चार घरं फिरून आली होती, चारही घरी तिला हेच विचारलं गेलं असणार. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुमचापण हाच विषय होता ना? मग तुम्ही काय केलं?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला चटकन उत्तर देता आलं नाही. "बस, चहा टाकते," म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री मात्र झोप लागेना. मी पदवी घेतली त्याला आता पंधरा वर्षं झाली. एका खाजगी शाळेत अर्धवेळ शिकवते, घर सांभाळते. तिला जे सांगायला हवं होतं, ते मला स्वतःलाही कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी कितीजणींच्या कपाटात बी. ए. चं प्रमाणपत्र साडीच्या घडीत जपून ठेवलेलं असेल! कितीजणींच्या मुली आज हाच विषय शिकत असतील! त्या सगळ्यांसाठी.

विषय निवडताना

आपण समाजशास्त्र का घेतलं, ते आधी प्रामाणिकपणे कबूल करू या. मी घेतलं, कारण मैत्रिणींनी घेतलं होतं. विषय सोपा, पुस्तकं मराठीत, प्रयोगशाळेची कटकट नाही. वडील म्हणाले, "मुलीच्या नावापुढे पदवी असली की बरं." पदवी झाली, पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि प्रमाणपत्र रुखवतातल्या वस्तूंसारखं कपाटात गेलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी घरखर्चाला हातभार लावावा म्हणून मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "समाजशास्त्र म्हणजे समाजसेवाच ना? मग पगार कशाला पाहिजे?" आजूबाजूचे हसले. मीही कसनुसं हसले आणि बाहेर पडले. त्या दिवशी राग त्या गृहस्थांचा आला नाही, स्वतःच्या पदवीचा आला. आज वाटतं, चूक पदवीची नव्हती. तिचा उपयोग काय, हे मलाच सांगता आलं नव्हतं.

समाजशास्त्राच्या पदवीवर नोकरीची पाटी लावलेली नसते. नर्सिंग शिकलेली मुलगी दवाखान्यात जाते, बी. कॉम. झालेली हिशेबाच्या टेबलाशी बसते. "समाजशास्त्र शिकलेली पाहिजे" अशी जाहिरात मात्र सहसा दिसत नाही. पण म्हणून काम नसतं असं नाही. ते दुसऱ्या नावांनी येतं: पर्यवेक्षिका, सहयोगिनी, समुपदेशक, गृहपाल, सर्वेक्षक. ही नावं ओळखायला शिकणं, ही पहिली पायरी.

इरावतीबाईंनाही पाटी नव्हती

आपल्या देशात समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठ विभाग मुंबईत १९१९ साली सुरू झाला. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये एम. ए. केलं. 'युगान्त'मुळे आपण सगळ्या त्यांना ओळखतो. जर्मनीत बर्लिनला जाऊन त्यांनी पीएच. डी. मिळवली. आता एवढं शिकल्यावर लगेच प्राध्यापकी मिळाली असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. परत आल्यावर काही वर्षं त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या, म्हणजे कचेरीचं काम. संशोधनाची आणि शिकवण्याची जागा त्यांना १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिळाली. घर, तीन मुलं आणि गावोगावची भटकंती, हे सगळं त्यांनी एकाच वेळी सांभाळलं.

मला त्यांची आणखी एक गोष्ट फार जवळची वाटते. कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी त्यांनी आपली मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत केली. तिचं पुस्तक १९६९ मध्ये निघालं. आई आणि मुलगी घरं सोडून आलेल्या लोकांना विचारताहेत: किती जमीन गेली, काय मिळालं, आता कसं चाललंय? आमच्या वणी भागात खाणींसाठी जमिनी गेलेली कितीतरी घरं आहेत. त्यामुळे त्या पाहणीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हणजे परीक्षेत पाच गुणांची टीप लिहून आपण ज्यांना मागे टाकलं, त्या बाई आपल्या दारातलंच काम करत होत्या!

माझं पहिलं खरं काम

२०१७ ची गोष्ट. मुलगी बालवाडीत जायला लागली होती. नागपूरच्या एका संस्थेला खाणींजवळच्या गावांत घरोघरी जाऊन माहिती भरणाऱ्या बायका हव्या होत्या. बायकांशी बोलायचं, म्हणून बाईच हवी, आणि बोली समजणारी हवी. बारा दिवसांचं काम, दिवसाला चारशे रुपये आणि प्रवासखर्च. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी माझं नाव सुचवलं.

घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "लोकाच्या घरी जाऊन त्याइचे पैसे मोजाचे? असं कोणतं काम असते?" यांची खाणीत पाळीची नोकरी. हे म्हणाले, "बारा दिवस माझी रात्रपाळी आहे, दिवसा घरी असतो. मुलीला शाळेतून मी आणीन. जाऊन तर बघ." या एका वाक्यासाठी मी यांची जन्मभर ऋणी राहीन.

पहिल्या दोन दिवसांत माझी फजितीच झाली. प्रश्नावलीत प्रश्न होता, "घरातला पैसा कसा खर्च करायचा हे कोण ठरवतं?" नवरा, सासरा, दीर सगळे ओसरीवर बसलेले. बाई दाराआडून उत्तर देणार, "दोघं मिळून ठरवतो." सगळ्या घरी तेच उत्तर. माझे फॉर्म सुरेख भरले जात होते, पण त्यात खरं काहीच नव्हतं, हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसले नाही. एक बाई मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही तिच्याजवळ बसले आणि शेंगा सोलायला लागले. भाजीचं विचारलं, लेकरांचं विचारलं. अर्ध्या तासानं ती आपण होऊन बोलायला लागली. जमीन गेली तेव्हा कागदावर तिचाही अंगठा घेतला होता. पैसे आले, ते दिराच्या गाडीत आणि नणंदेच्या लग्नात गेले. "मले कोणी विचारलं नाही, बाई. आज तू विचारलं." आणि पदरानं डोळे पुसून ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

त्या दिवशी मला माझा विषय समजला. तीन वर्षं पुस्तकात 'मुलाखत पद्धती', 'निरीक्षण पद्धती', 'कुटुंबातील सत्ता' असे शब्द पाठ केले होते. त्यांचा अर्थ त्या अंगणात कळला. काम संपल्यावर संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचे फॉर्म वेगळे आहेत. पुढच्या वेळी बोलावलं तर याल?" त्यानंतर तीनदा बोलावणं आलं. पैसे फार नव्हते. पण माझ्या नावानं बँकेत जमा झालेले ते पहिले पैसे. त्यातून मी सासूबाईंना लुगडं घेतलं. आता शेजारणींना त्याच सांगतात, "आमची सून सर्वे करते!"

असली कामं तुम्हाला वाटतात तेवढी दुर्मिळ नाहीत. देशभर होणारं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून चालू आहे, त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात बायकांच्या मुलाखती बायकाच घेतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयापुढे मार्च २००५ मध्ये अहवाल गेला, तो टाटा समाजविज्ञान संस्थेनं तयार केला होता. आपल्या विदर्भाचं दुःख न्यायालयाच्या टेबलावर पोहोचलं, तेही कुणीतरी घरोघरी बसून ऐकून, लिहून घेतल्यामुळेच.

काम कोणकोणत्या नावांनी येतं?

आता व्यवहाराचं बोलू. वही-पेन घेऊन बसा.

अंगणवाडीची पर्यवेक्षिका. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाडी सेविकांच्या वर देखरेखीला पर्यवेक्षिका असते, तिलाच मुख्यसेविकाही म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली. तिच्यात या पदासाठी पदवीचे जे विषय सांगितले होते, त्यात समाजशास्त्राचं नाव होतं! गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण यांच्या रांगेत. सगळ्या जाहिरातींत मला आपला विषय इतक्या ठळकपणे दुसरीकडे दिसला नाही.

बचत गटांचं काम. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', १९७५ पासून आहे. त्यांच्या लोकसंचालित साधन केंद्रांत सहयोगिनी असतात. ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे 'उमेद', यातही गटांची बांधणी, हिशेब, प्रशिक्षण ही कामं असतात. बरीचशी कंत्राटी किंवा मानधनाची असतात, हे आधीच समजून घ्यावं. पण अनुभव मिळतो आणि तालुक्यात ओळखी होतात.

गृहपाल आणि समाजकल्याण निरीक्षक. समाजकल्याण विभागाच्या २०२४ च्या भरतीत २१९ जागा होत्या आणि त्यात महिला गृहपालांची पदं वेगळी होती. वसतिगृहातल्या मुलींना सांभाळणं हे आपल्याला परकं नाही, नाही का?

समुपदेशन. यासाठी मात्र नुसती बी. ए. पुरत नाही, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम. एस. डब्ल्यू., करावी लागते. त्यानंतर दवाखान्यातली वैद्यकीय समाजसेवक, कौटुंबिक न्यायालयातली विवाह समुपदेशक, पीडित महिलांच्या 'सखी' केंद्रातली समुपदेशक अशा वाटा उघडतात. पोलीस ठाण्यात बाईचं म्हणणं ऐकायला समाजकार्यकर्ती बसवण्याचा प्रयोग १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांबरोबर सुरू केला आणि पुढे तो राज्यात पसरला. हे शिक्षण घ्यायला मुंबईलाच जावं लागतं असं नाही. यवतमाळला सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे, नागपूरला मातृसेवा संघाची संस्था आहे. घर सोडणं शक्यच नसेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरी बसून करता येतं. क्षेत्रकार्य मात्र करावंच लागतं.

शिकवणं. इथे बऱ्याचजणींची फसगत होते, म्हणून नीट सांगते. दहावीपर्यंत शाळेत समाजशास्त्र हा विषय नाही. बी. एड. करून शाळेत शिकवायचं असेल तर बी. ए. ला सोबत मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोल असा शालेय विषय हवा. तुमची मुलगी आत्ता पहिल्या वर्षाला असेल तर हे आजच बघा! अकरावी-बारावीला समाजशास्त्र आहे, पण त्यासाठी एम. ए. आणि बी. एड. लागतं. वरिष्ठ महाविद्यालयात एम. ए. नंतर नेट किंवा सेट. मधल्या काळात तासिका तत्त्वावर काम मिळतं. त्याचा मोबदला तासांवर असतो आणि सुट्टीत हात रिकामा. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये.

स्पर्धा परीक्षा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. ज्या मुलीला तीन वर्षं मन लावून अभ्यास करायला घर मोकळीक देणार आहे, तिनं जरूर उतरावं. फक्त हातात दुसरी काहीतरी वाट ठेवून.

कागद आधी जमवा

आपण बायका अर्जाची शेवटची तारीख आली की कागद शोधायला लागतो. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मग विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. ती एका दिवसात मिळत नाही. ज्यांना जातीचा दाखला लागतो त्यांनी लक्षात ठेवा, लग्न झालं तरी तो वडिलांच्या बाजूचाच. नॉन-क्रिमीलेअरलाही आई-वडिलांचंच उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. म्हणजे माहेरच्या तहसीलमध्ये हेलपाटे आलेच. ते दिवाळीला माहेरी जाल तेव्हा उरकून घ्या. एम. एस.-सी. आय. टी. ची परीक्षा झालेली नसेल तर देऊन टाका, सरकारी पदांना ती बहुधा लागते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, अर्जातला तो रकाना भरायला विसरू नका.

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. नोकरी लावून देतो म्हणून जो कोणी पैसे मागेल, तो ओळखीचा असो की नात्यातला, त्याला हात जोडून दारातूनच परत पाठवा.

माझी चूक

आता जे सांगायला जड जातं ते सांगते.

२०२३ च्या त्या भरतीचा पर्यवेक्षिकेचा फॉर्म मी भरला होता. जाहिरातीत 'समाजशास्त्र' हा शब्द वाचून मी शाळेतून घरापर्यंत जवळजवळ पळतच आले होते. परीक्षा व्हायला बरेच महिने लागले. तेवढ्या महिन्यांत मी काय केलं? आधी गौरी-गणपती, मग जैताईच्या देवळातलं नवरात्र, मग दिवाळी, मग मुलीची शिष्यवृत्तीची परीक्षा, मग नणंदेचं बाळंतपण. पुस्तक रोज उशाशी असायचं. उघडलं की डोळे मिटायचे. मनात एक खोटा धीर होता, विषय तर आपलाच आहे, जमेल.

१०० प्रश्न, २०० गुण. बालविकास-पोषणाचे प्रश्न बरे गेले. गणित आणि बुद्धिमापन आलं आणि हातपाय गार पडले. काळ-काम-वेगाचं गणित मी दहावीनंतर पाहिलंच नव्हतं! निकालात माझं नाव नव्हतं. कुणी काही बोललं नाही. हेही बोलले नाहीत. मीच दोन दिवस पोळ्या करपवत होते.

दोष कुणाला देऊ? नणंदेला? तिच्या बाळंतपणाला मी आनंदानं उभी राहिले. दोष इतकाच, की घरातल्या प्रत्येकाच्या कामाला मी वेळ दिला आणि माझ्या कामाला वेळ हवा आहे, हे तोंडानं कधी मागितलंच नाही. ज्या बाईच्या अंगणात बसून मी विचारत होते, "घरात कोण ठरवतं?", तिच्यात आणि माझ्यात तसा काय फरक होता?

आणि घड्याळ थांबत नाही. सरकारी नोकरीला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांची ४३. मी ३६ पूर्ण केली. मुलं हाताशी आली की बघू, असं आपण म्हणतो. पण मुलं हाताशी येतात तेव्हा दार लागायच्या बेतात असतं. बाविसाव्या वर्षी सोळा वर्षं समोर होती तेव्हा हा आकडा कुणी मला सांगितला असता तर! म्हणून तुम्हाला सांगते. आज रात्रीच आपलं वय आणि ही मर्यादा कॅलेंडरवर लिहून स्वयंपाकघरात लावा. भिण्यासाठी नाही, वेळ मागून घेण्यासाठी.

मग त्या मुलीला काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी मीच समोरच्या घरी गेले. म्हटलं, "काल तू विचारलंस त्याचं उत्तर आणलंय. या पदवीनं तुला नोकरी आयती देणार नाही कुणी. पण तू तीन वर्षं जे शिकलीस ते खरं वापरायचं असेल, तर अनोळखी घरात जाऊन बसायला शीक, ऐकायला शीक, ऐकलेलं नीट लिहायला शीक. आणि गणित सोडू नकोस! एम. एस. डब्ल्यू. करायचं की भरतीची तयारी, ते महिनाभरात ठरव. पण हातावर हात ठेवून 'स्थळ येईपर्यंत' बसू नकोस."

तिची आई जरा गप्प झाली. घरात स्थळांची बोलणी चालू होती, मला ठाऊक होतं. मग त्या माउलीनं विचारलं, "ताई, यवतमाळला मुलींचं वसतिगृह असते का हो?" त्या प्रश्नात मला निम्मं उत्तर मिळालं.

तेव्हापासून आमचा एक नेम झाला आहे. रोज चार ते साडेपाच, आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघी बसतो. ती मला गणित शिकवते, मी तिला बोलायला आणि लिहायला शिकवते. रविवारी दोघी मिळून जाहिराती वाचतो. पहिल्या आठवड्यात मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं, "हा दीड तास माझा. चहा ज्याला हवा त्यानं करून घ्यावा." जीभ अडखळली, पण सांगितलं. मुलीनं आश्चर्यानं पाहिलं. हे पेपर वाचत होते, नुसते "बरं" म्हणाले.

माझं पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. माझ्याजवळ दोन वर्षं आहेत. जाहिरात निघेल की नाही, निघाली तर नाव लागेल की नाही, देव जाणे. नाही लागलं, तर सर्वेक्षणाचं काम आहे, मुक्त विद्यापीठाचं एम. ए. आहे, त्याला वयाची अट नाही. घरात बसून प्रमाणपत्राची घडी मोडायची नाही, एवढं नक्की ठरवलं आहे.

परवा साडेचारच्या सुमाराला आम्ही दोघी नळ आणि टाकीच्या उदाहरणात अडकलो होतो. एक नळ टाकी भरतोय, दुसरा रिकामी करतोय. सासूबाईंनी दोन कप चहा आणून टेबलावर ठेवला. वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "दुसरा नळ बंद काहून नाही करत व?"

आम्ही दोघी हसत सुटलो. मग मी पेन उचललं आणि उदाहरण पहिल्यापासून सोडवायला घेतलं.